चावी कुणाच्या हातात? नोटर डेमच्या फादर हेसबर्ग यांची 35 वर्षं

1952 चा उन्हाळा. अमेरिकेच्या इंडियाना राज्यात साउथ बेंड नावाचं शहर आहे, त्याच्या कडेला असलेल्या नोटर डेम विद्यापीठाच्या चर्चमध्ये होली क्रॉस या कॅथलिक धर्मसंघाचे फादर जमले होते. त्यांचा वार्षिक एकांतवास, म्हणजे मौन आणि प्रार्थनेचे दिवस, नुकता संपला होता. अशा वेळी शेवटी यादी वाचली जाई: कोण कुठल्या शाळेवर, कोण कुठल्या चर्चमध्ये, कोण परदेशातल्या मिशनवर. आपल्याकडची मे महिन्यातली बदल्यांची यादीच म्हणा. फरक एवढाच की इथे मंत्रालयाच्या फेऱ्या मारून नाव बदलून आणायची सोय नव्हती. आज्ञापालनाची शपथ घेतलेली असायची, नाव वाचलं की बॅग भरायची.

त्या दिवशीच्या यादीत थिओडोर हेसबर्ग या 35 वर्षांच्या फादरच्या नावापुढे 'विद्यापीठाचे अध्यक्ष' असं होतं. चर्चबाहेर आल्यावर मावळते अध्यक्ष फादर जॉन कॅव्हनॉ यांनी खोलीची चावी त्यांच्या हातात ठेवली आणि जाता जाता सांगितलं, की आज संध्याकाळी एका ख्रिस्ती कुटुंब-चळवळीच्या मंडळींपुढे मी भाषण कबूल केलंय, आता अध्यक्ष तू, तेव्हा ते तूच दे, मी न्यूयॉर्कला निघालो. हेसबर्ग स्वतः हा किस्सा पुढे आयुष्यभर सांगत राहिले. निवड समिती नाही, मुलाखत नाही, सत्काराचा हार नाही. चावी मिळाली, काम सुरू.

हा माणूस पुढे 35 वर्षं त्या खुर्चीवर राहिला. पण 35 वर्षं टिकणारे संस्थाचालक आपल्याकडेही पैशाला पासरी आहेत, त्याचं कौतुक मला फारसं नाही. माझं लक्ष वेधून घेतो तो चावीचा प्रवास. हेसबर्गना ती ज्या पद्धतीने मिळाली ती पद्धतच त्यांनी मध्यावर बदलून टाकली. ज्या संघाने त्यांना नेमलं होतं, त्याच संघाच्या हातून विद्यापीठ काढून त्यांनी विश्वस्तांच्या हाती दिलं, आणि तेही संघाशी भांडण न करता. हे कसं जमलं, ते समजून घ्यायचं तर आधी हे पद काय असतं ते पाहायला हवं.

अध्यक्ष म्हणजे कुलगुरू नव्हे

'ख्रिस्ती कॉलेज' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मुंबईचं विल्सन किंवा सेंट झेवियर्स येतं, नगरकरांसमोर अहमदनगर कॉलेज. या कॉलेजांचं चारित्र्य ख्रिस्ती असलं तरी पदवीवर शिक्का पिढ्यान् पिढ्या सार्वजनिक विद्यापीठाचा राहिला. त्या विद्यापीठाचे कुलपती राज्यपाल, कुलगुरूंची मुदत पाच वर्षं, आणि पगाराची फाइल सरकारी टेबलावरून फिरणार. म्हणजे फादर प्राचार्य असले तरी त्यांच्यावर विद्यापीठ होतं, विद्यापीठावर कायदा होता.

अमेरिकेतल्या खासगी विद्यापीठाची घडण वेगळी. तिथे विद्यापीठ हीच एक स्वतंत्र संस्था. पदवी तिची, जमीन तिची, नियम तिचे. तिचा अध्यक्ष म्हणजे आपला कुलगुरू, संस्थेचा सेक्रेटरी आणि देणग्या गोळा करणारा कार्याध्यक्ष, असे तिघे एकात. सकाळी प्राध्यापकांच्या नेमणुका, दुपारी इमारतीचे नकाशे, रात्री एखाद्या कारखानदाराबरोबर जेवण. आणि विद्यापीठ ख्रिस्ती असेल तर चौथं काम येऊन पडतं: इथे जे शिकवलं जातं त्यात आणि आपल्या श्रद्धेत नातं काय, याचं उत्तर पालकांना, माजी विद्यार्थ्यांना, बिशपना आणि वर्गातल्या श्रद्धा नसलेल्या पोरालाही द्यायचं.

नोटर डेम या विद्यापीठाची मालकी होली क्रॉस नावाच्या कॅथलिक धर्मसंघाची होती. 1842 मध्ये एदुआर सोरँ या फ्रेंच फादरने तळ्याकाठच्या जंगलात ते सुरू केलं. नावाचा उगम फ्रेंच, अर्थ 'आमची स्वामिनी', म्हणजे येशूची आई मारिया. पॅरिसच्या प्रसिद्ध चर्चचं नाव तेच, पण अमेरिकन माणूस 'नोटर डेम' असाच उच्चार करतो, म्हणून इथे तसंच लिहितो. 1879 मध्ये मुख्य इमारत जळून खाक झाली, ती पुन्हा उभी राहिली, तिच्यावर सोन्याचा मुलामा दिलेला घुमट चढला. आजही विद्यापीठाची ओळख तीच.

हेसबर्ग येईपर्यंत अध्यक्ष हा तिथल्या फादरांचा मठप्रमुखही असायचा. विद्यापीठाचा प्रमुख आणि संघाच्या घराचा प्रमुख, एकच व्यक्ती. आता गंमत पाहा. चर्चच्या कायद्याप्रमाणे मठप्रमुखाला सहा वर्षांपेक्षा जास्त राहता येत नसे, कारण एकाच माणसाच्या हाती आज्ञा देण्याची सत्ता फार काळ राहू नये. नियम मठासाठी शहाणपणाचा, पण त्यामुळे विद्यापीठाचा अध्यक्षही दर सहा वर्षांनी बदले. नवा माणूस काम समजून घेईपर्यंत दोन वर्षं, मग दोन वर्षं काम, आणि शेवटची दोन वर्षं निरोपाची. 1958 मध्ये हेसबर्ग यांची सहा वर्षं भरली तेव्हा संघाने दोन्ही पदं वेगळी केली. मठप्रमुख दुसरा झाला, हेसबर्ग अध्यक्ष राहिले. कागदावर हा बदल एका ओळीचा आहे, पण पुढचं सगळं या ओळीतून निघालं.

नौदलात जायचं होतं

हेसबर्ग यांचा जन्म 25 मे 1917 चा, न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजचा. लहानपणापासून फादर व्हायचं होतं. संघाने रोमला शिकायला पाठवलं, पण युद्ध पेटल्यावर 1940 मध्ये परत यावं लागलं. 24 जून 1943 ला गुरुदीक्षा झाली. त्यांची इच्छा नौदलात धर्मगुरू म्हणून जायची होती. वरिष्ठांनी सांगितलं, आधी डॉक्टरेट. 1945 मध्ये ती मिळाली, आणि संघाने नोटर डेमला शिकवायला पाठवलं. त्यांच्या प्रबंधाचा विषय लक्षात ठेवा: चर्चच्या कामात सामान्य माणसाचा, म्हणजे फादर नसलेल्या बाप्तिस्मा झालेल्या माणसाचा, वाटा काय?

युद्धाहून परतलेले सैनिक सरकारी खर्चाने शिकायला येत होते, बायकामुलांसह. त्यांच्यासाठी युद्धकैद्यांच्या छावणीतल्या जुन्या लाकडी बराकी आणून विद्यापीठाच्या आवारात वस्ती उभारली होती. नाव पडलं 'व्हेटव्हिल'. हेसबर्ग त्या वस्तीचे धर्मगुरू. शिकणारा नवरा, रडणारं तान्हं मूल आणि पुरे न पडणारा भत्ता, अशा कुटुंबांत त्यांचे दिवस गेले. नौदल राहिलं ते राहिलंच. 1949 मध्ये कॅव्हनॉ यांनी त्यांना कार्यकारी उपाध्यक्ष केलं आणि तीन वर्षांनी चावी हातात आली.

नोटर डेम तेव्हा देशभर माहीत होतं ते फुटबॉलसाठी. अमेरिकन फुटबॉल, ज्यात चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो. नवे अध्यक्ष झाल्यावर फोटोग्राफरनी त्यांच्यापुढे चेंडू धरला, जरा पोज द्या म्हणाले. हेसबर्ग यांनी नकार दिला: मी प्रशिक्षक नाही, विद्यापीठाचा अध्यक्ष आहे. बाणेदारपणा छान, पण खेळाला ते शेवटपर्यंत टाळू शकले नाहीत. डिसेंबर 1958 मध्ये तरुण प्रशिक्षक टेरी ब्रेनन यांना ऐन नाताळच्या तोंडावर काढलं तेव्हा वर्तमानपत्रांनी विद्यापीठाला चांगलंच धारेवर धरलं. ख्रिस्ती विद्यापीठ आणि नाताळात माणूस काढता? या प्रश्नाला चेंडूचा फोटो नाकारण्याइतकं सोपं उत्तर नव्हतं.

त्यांनी वाचनालय बांधलं ते मात्र उत्तरच होतं. 1963 मध्ये उघडलेली ती टोलेजंग इमारत त्या काळी कुठल्याही विद्यापीठातली जगातली सर्वात मोठी ग्रंथालय-इमारत होती. तिच्या दर्शनी भिंतीवर मिलर्ड शीट्स या चित्रकाराचं येशूचं प्रचंड भित्तिचित्र आहे, दोन्ही हात उंचावलेले. समोर फुटबॉलचं मैदान. अमेरिकन फुटबॉलमध्ये गोल झाला, त्याला 'टचडाउन' म्हणतात, की पंच दोन्ही हात वर करतो, अगदी आपल्याकडे षटकाराला करतो तसे. झालं, पोरांनी त्या चित्राला नाव दिलं 'टचडाउन जीझस'. ज्ञानाने खेळावर मात करावी म्हणून उभारलेल्या भिंतीवर खेळाने आपला शिक्का मारला तो मारलाच.

पैसा

हा भाग झटकन सांगतो, आकडे बोलके आहेत. 1952 मध्ये विद्यार्थी 4,979, प्राध्यापक 389. 1987 मध्ये विद्यार्थी 9,600, प्राध्यापक 950. वार्षिक अंदाजपत्रक 97 लाख डॉलरवरून 17 कोटी 66 लाखांवर गेलं. या 35 वर्षांत महागाई साधारण चौपट झाली, ती वजा करूनही वाढ मोठी उरते. कॉर्पस, म्हणजे मूळ रक्कम न मोडता फक्त उत्पन्न वापरायचं तो कायम निधी, 90 लाखांवरून 35 कोटी डॉलर झाला.

1960 मध्ये फोर्ड फाउंडेशनने 60 लाख डॉलर देऊ केले, अट एकच: आमच्या एका डॉलरला तुम्ही दोन जमवा. विद्यापीठाने ती पुरी केली. मोठ्या देणगीचं खरं मोल अशा अटीत असतं. जुन्या विद्यार्थ्यांकडे हात पसरताना 'नाही जमवलं तर तेही जातील' हे वाक्य फार उपयोगी पडतं. आपल्याकडे शाळेच्या सभागृहासाठी माजी विद्यार्थी मेळावे घेणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

हेसबर्ग यांनी एक शहाणपण केलं. पैसा, बांधकाम आणि खेळ ही तिन्ही खाती फादर एडमंड जॉइस यांच्याकडे सोपवली आणि 35 वर्षं त्यात फार ढवळाढवळ केली नाही. जॉइस शेवटपर्यंत उपाध्यक्ष राहिले, दोघे एकाच दिवशी निवृत्त झाले. दोन नंबरचा माणूस 35 वर्षं दोन नंबरवर समाधानाने राहतो, आणि एक नंबरचा त्याच्यावर संशय घेत नाही, हे ज्याने कुठल्याही संस्थेत नोकरी केली आहे त्याला कॉर्पसच्या आकड्यापेक्षा जास्त थक्क करेल. मी ज्या संस्थेत उमेदवारी केली तिथे अध्यक्ष आणि सचिव एकमेकांशी फक्त जावक क्रमांक घालून बोलत.

1967: चावी दिली

आता मुद्द्याचं. 1950 च्या दशकातला एक प्रसंग आधी. विद्यापीठाच्या प्रकाशनाने काढलेल्या एका ग्रंथात जॉन कोर्टनी मरी या जेझुइट, म्हणजे दुसऱ्या एका कॅथलिक धर्मसंघाच्या, विद्वानाचा लेख होता. धर्मस्वातंत्र्य आणि राज्यसंस्था यांबद्दल त्यांची मतं रोमला पसंत नव्हती. व्हॅटिकनमधल्या वजनदार कार्डिनल (पोपच्या खालोखालचे धर्माधिकारी) ओत्ताव्हियानींकडून दबाव आला: पुस्तक मागे घ्या. हा दबाव कुठल्या वाटेने आला ते पाहा. व्हॅटिकनने संघाच्या सर्वोच्च प्रमुखाला सांगितलं, प्रमुखाने अध्यक्षाला. अध्यक्ष हा आज्ञापालनाची शपथ घेतलेला फादर. साखळी पूर्ण. हेसबर्ग यांनी विरोध केला, विद्यापीठाची अब्रू जाईल म्हणाले. पण त्यांना कळून चुकलं असणार की आपण टिकलो ते हट्टामुळे, नियमामुळे नव्हे. उद्या दुसरा, मऊ अध्यक्ष आला तर? (मरी यांचं पुढे काय झालं? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, 1965 मध्ये धर्मस्वातंत्र्याची जी घोषणा केली, तिच्या मसुद्यामागे प्रमुख डोकं त्यांचंच होतं.)

त्याच परिषदेने चर्चमध्ये सामान्य माणसाच्या वाट्यालाही जबाबदारी आहे हे जोरात सांगितलं. हेसबर्ग यांच्या प्रबंधाचा विषय हाच होता. शिवाय व्यवहार होता. प्राध्यापकांत फादर नसलेल्यांची संख्या वाढून बसली होती, अंदाजपत्रक कोटींत गेलं होतं, आणि एवढ्या पसाऱ्याचा मालक मात्र मूठभर फादरांचा संघ. 1967 च्या सुरुवातीला संघाच्या प्रांतिक सभेपुढे प्रस्ताव आला आणि तो मंजूर झाला: विद्यापीठ विश्वस्त मंडळाच्या हवाली करायचं, आणि त्या मंडळात बहुसंख्य लोक फादर नसलेले.

नुसतं देऊन टाकलं असं मात्र नाही, आणि इथली रचना मला फार आवडते. शिकागोचे वकील एडमंड स्टीफन यांच्या मदतीने दोन मजले बांधले गेले. खालच्या मजल्यावर मोठं विश्वस्त मंडळ, रोजचा कारभार, पैसा, अध्यक्षाची निवड त्याच्याकडे. वरच्या मजल्यावर फक्त बारा जण, त्यांना 'फेलो' म्हणतात: सहा होली क्रॉसचे फादर, सहा इतर. विश्वस्त कोण, हे हे बारा जण ठरवणार. घटनेत बदल करायचा तर यांच्यात दोन तृतीयांश मत हवं. आणि विद्यापीठाचं कॅथलिकपण राखण्याची जबाबदारी यांची. बारात दोन तृतीयांश म्हणजे आठ. एका बाजूचे सहाच्या सहा एकत्र आले तरी दुसऱ्या बाजूचे दोघे पटवल्याशिवाय काही होत नाही. फादर एकटे घड्याळ मागे फिरवू शकत नाहीत, इतर एकटे पाटी पुसू शकत नाहीत. अध्यक्ष मात्र होली क्रॉसचाच फादर असावा, ही अट राहिली.

हिशोब मांडून पाहा. मालकी गेली, पण अध्यक्षपद संघातच राहिलं. फरक इतकाच की आता तो फादर वरिष्ठांच्या यादीतून येत नव्हता, मंडळाने निवडलेला असणार होता. हेसबर्ग स्वतः ज्या दाराने आत आले ते दार त्यांनी आपल्यामागे बंद केलं. सेंट लुइस विद्यापीठाच्या जेझुइटांनीही त्याच वर्षी असंच पाऊल टाकलं, म्हणजे वारं तसं होतं. पण वारं असूनही शीड न उभारणारे पुष्कळ असतात.

त्याच वर्षी जुलैमध्ये हेसबर्ग यांनी विस्कॉन्सिनच्या उत्तरेला लँड ओ'लेक्स इथे, तळ्यांच्या आणि झाडीच्या मुलखात विद्यापीठाची एक जागा होती तिथे, 26 जणांना बोलावलं. कॅथलिक विद्यापीठांचे प्रमुख, काही विद्वान, काही धर्माधिकारी. सगळे पुरुष, तेही नोंदवून ठेवतो. चार दिवसांनी त्यांनी काही पानांचं एक निवेदन काढलं. गाभा असा: कॅथलिक विद्यापीठ हे आधी खऱ्या अर्थाने विद्यापीठ हवं, आणि त्यासाठी बाहेरच्या कुठल्याही सत्तेपासून, मग ती सरकारी असो वा धर्माची, त्याला स्वायत्तता आणि अध्यापनाचं स्वातंत्र्य हवं. पुढे असंही म्हटलं की धर्मशास्त्र हा कोपऱ्यातला तास नसून इतर सगळ्या ज्ञानशाखांशी बोलणारा विषय असला पाहिजे. टीकाकार पहिलं वाक्य उद्धृत करतात, दुसरं विसरतात.

टीका आजही होते, आणि ती पोकळ नाही. या निवेदनानंतर अनेक कॅथलिक विद्यापीठं हळूहळू इतर कुठल्याही चांगल्या विद्यापीठासारखीच झाली, भिंतीवर क्रूस राहिला आणि आत काही उरलं नाही, असं म्हणणारे भरपूर आहेत. 1990 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी कॅथलिक विद्यापीठांसाठी स्वतंत्र फर्मान काढून बिशप आणि विद्यापीठ यांची दोरी पुन्हा आवळायचा प्रयत्न केला. त्यामागे हीच काळजी होती. माझं मत विचाराल तर नोटर डेमपुरता हा आरोप थोडा अन्यायाचा आहे, कारण दोन मजल्यांची रचना तिथे आजतागायत टिकली आहे. पण सगळीकडे हेसबर्ग नव्हते, हेही खरं.

मुलं, मुली आणि पंधरा मिनिटं

फेब्रुवारी 1969. व्हिएतनाम युद्धावरून अमेरिकेतली विद्यापीठं पेटली होती, कुठे इमारतींचा ताबा, कुठे पोलीस. हेसबर्ग यांनी सगळ्यांना पत्र लिहिलं: निषेध करा, हक्क तुमचा. पण बळजबरीने दुसऱ्याचं काम अडवलंत तर विचार करायला पंधरा मिनिटं मिळतील, त्यानंतर ओळखपत्र जप्त आणि निलंबन. राष्ट्राध्यक्ष निक्सन खूश झाले, जाहीर शाबासकी दिली. आणि मग सरकारात विद्यार्थ्यांविरुद्ध कडक कायद्याची भाषा सुरू झाली तेव्हा याच हेसबर्ग यांनी उपराष्ट्राध्यक्ष अ‍ॅग्न्यू यांना कळवलं की तुम्ही यात पडू नका, विद्यापीठाचं घर विद्यापीठ सांभाळेल. पुन्हा तीच चावी. रोमला देत नाही तशी वॉशिंग्टनलाही देत नाही.

नियमाचा बडगा त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बसला. युद्धात वापरलं जाणारं नापाम हे जाळणारं रसायन बनवणारी डाऊ केमिकल कंपनी आणि सीआयए ही अमेरिकी गुप्तहेर संस्था नोकरभरतीला आले होते, विद्यार्थ्यांनी वाट अडवली, दहा जणांवर कारवाई झाली. ज्या युद्धावर पुढच्याच मे महिन्यात हेसबर्ग स्वतः जाहीर टीका करणार होते, त्याच युद्धाविरुद्ध बसलेल्या पोरांना त्यांनी घरी पाठवलं होतं. त्या दहांपैकी कुणाच्या आईबापांनी या पत्रातली सुसंगती कशी वाचली असेल, असं मनात येतं.

मुलींची गोष्ट त्याहून गमतीची. रस्त्यापलीकडे सेंट मेरीज हे मुलींचं कॅथलिक कॉलेज. दोघांचं एकत्रीकरण ठरलं, 1971 मध्ये जाहीर झालं आणि त्याच वर्षाअखेर मोडलं. पैसा आणि स्वत्व, दोन्ही आडवं आलं, जसं बहुतेक विलीनीकरणांत येतं. मग नोटर डेमने सरळ 1972 पासून मुलींना स्वतःच प्रवेश दिला. दोन वसतिगृहं मुलांकडून काढून मुलींना दिली. जुने माजी विद्यार्थी कुरकुरले. काही वर्षांनी त्यांच्याच मुलींचे अर्ज येऊ लागल्यावर आवाज खाली आला असावा.

घरात ते किती असत, हा वेगळा प्रश्न. विद्यार्थ्यांत विनोद होता: देव आणि हेसबर्ग यांच्यात फरक काय? देव सगळीकडे आहे, हेसबर्ग सगळीकडे आहेत, फक्त नोटर डेममध्ये नाहीत. राष्ट्रीय विज्ञान मंडळ, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेत व्हॅटिकनचे प्रतिनिधी, रॉकफेलर फाउंडेशनचं अध्यक्षपद, स्थलांतरितांवरचा आयोग, यादी संपत नाही. मानद पदव्या 150. पण गावात असले की मुख्य इमारतीतल्या त्यांच्या खोलीचा दिवा मध्यरात्रीनंतरही जळत असे, आणि तो दिसला की बाहेरच्या आपत्कालीन जिन्याने चढून खिडकीशी येणारे विद्यार्थी असत. मिस्सा रोज, जगात कुठेही असोत. (वसईकडच्या वाचकांना शब्द समजावायला नको. इतरांसाठी: कॅथलिकांची मुख्य उपासना.) पगार स्वतःचा असा नव्हताच, दारिद्र्याची शपथ होती. कोट्यवधी डॉलर गोळा करणाऱ्या माणसाला स्वतःला त्यातलं काही घेता येत नाही, हे देणगीदारापुढे बसताना फार मोठं भांडवल असतं.

सगळं बरोबरच केलं असं नाही. 1980 च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषाविरुद्ध विद्यार्थ्यांनी मागणी केली की तिथे धंदा करणाऱ्या कंपन्यांतली विद्यापीठाची गुंतवणूक काढा. वर्णभेदाविरुद्ध आयुष्य घालवलेले हेसबर्ग म्हणाले, सरसकट काढणार नाही, आत राहून दबाव आणू. विद्यार्थ्यांना ते पटलं नाही. मलाही नाही.

मासेमारी

'वर्णभेदाविरुद्ध आयुष्य' हे उगीच लिहिलं नाही. 1957 मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी नागरी हक्क आयोग नेमला, सहा सदस्य. कृष्णवर्णीयांना मतदान करू दिलं जातं का, शाळांत काय चाललंय, हे तपासायचं. सहांत दक्षिणेतल्या राज्यांचे दोन माजी गव्हर्नर आणि टेक्सासचे एक कायदेपंडित, दुसरीकडे उत्तरेतले लोक, एक कृष्णवर्णीय कायदेपंडित, आणि हेसबर्ग. अशा समितीकडून एकमताचा अहवाल येईल असं कुणालाच वाटत नव्हतं.

1959 च्या जुलैत आयोग लुइझियानात श्रीव्हपोर्टला होता. हवाई दलाच्या तळावर मुक्काम, अंगाची लाही करणारी उकाड्याची रात्र, वर न्यायालयाच्या आदेशाने सुनावणीच थांबलेली. हेसबर्ग यांनी एका स्नेह्याच्या विमानात सगळ्यांना बसवलं आणि थेट विस्कॉन्सिनच्या लँड ओ'लेक्सला नेलं. होय, तीच तळी. गार हवा, भाजलेलं मांस, होड्या आणि गळ. हेसबर्ग सांगत, की त्या रात्री 12 शिफारशींपैकी 11 वर एकमत झालं. आयझेनहॉवर यांनी चकित होऊन विचारलं, हे जमवलं कसं? उत्तर मिळालं: सगळेच मासे पकडणारे निघाले. आयोगाचा बराचसा विचार पुढे 1964 च्या नागरी हक्क कायद्यात आणि नंतरच्या मतदान कायद्यात उतरला.

21 जून 1964 ला शिकागोच्या सोल्जर फील्ड मैदानावर मार्टिन ल्यूथर किंग यांच्याबरोबर हातात हात घालून गाणारे हेसबर्ग, तो फोटो आता वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय व्यक्तिचित्र संग्रहालयात आहे. 1969 मध्ये ते आयोगाचे अध्यक्ष झाले आणि खुद्द निक्सन सरकारच्या कामावर आयोगाने कडक शेरे मारले. पंधरा मिनिटांच्या पत्राला शाबासकी देणाऱ्या निक्सन यांनी 1972 ची निवडणूक जिंकताच त्यांचा राजीनामा घेतला. नोटर डेममधली कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची संख्या मात्र या सगळ्या काळात लाजिरवाणी कमी होती. फुटबॉल संघाने 45 वर्षं हंगामाअखेरच्या मोठ्या सामन्यांना नकार दिला होता. 1969 च्या अखेरीस तो नकार सोडला आणि त्यातून येणारा पैसा अल्पसंख्य विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांकडे वळवला. मैदानाला नाकं मुरडणाऱ्या अध्यक्षाला शेवटी मैदानच उपयोगी पडलं.

1987 मध्ये हेसबर्ग निवृत्त झाले. वाचनालयाला त्यांचं नाव दिलं गेलं, आणि तेराव्या मजल्यावर त्यांचं ऑफिस आलं. नजर गेली तशी विद्यार्थी येऊन त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवू लागले. 26 फेब्रुवारी 2015 ला 97 व्या वर्षी ते गेले.

त्याआधी, मे 2009 मध्ये, नोटर डेमने पदवीदान समारंभाला राष्ट्राध्यक्ष बराक ओबामांना बोलावलं. गर्भपाताबद्दलच्या त्यांच्या भूमिकेमुळे देशभरातल्या कित्येक बिशपांनी निषेध नोंदवला, स्थानिक बिशप जॉन डार्सी समारंभाला आले नाहीत. बिशपना न येण्याचा अधिकार होता, समारंभ थांबवण्याचा नव्हता. अध्यक्ष फादर जेन्किन्स यांनी, होली क्रॉसचेच, आमंत्रण मागे घेतलं नाही. हेसबर्ग त्यांच्या पाठीशी होते, आठ दिवसांनी त्यांना 92 वर्षं पूर्ण होणार होती. ओबामांनी त्या दिवशी भाषणात श्रीव्हपोर्ट, विमान, तळं आणि गळाची गोष्ट सांगितली.